साबुदाण्याचे पाणी

एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालणे हे आमच्या घरी आजीचे काम होते. ते दुसऱ्या कुणाकडे ती सोपवत नसे. साबुदाणा दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवायचा, वर आलेले दुधट पाणी मोरीत ओतायचे आणि मग दाणे जेमतेम बुडतील एवढेच पाणी ठेवून झाकण घालायचे. "पांढरं पाणी निघून गेलं नाही, तर खिचडीचा लगदा होतो," असे ती म्हणायची. ते पाणी कुठे जाते, याचा विचार आम्ही कधी केला नाही. मोरीत ओतलेल्या पाण्याचा विचार सहसा कुणी करत नाही.

प्रस्तुत लेख त्या पाण्याविषयी आहे. आजीने मोरीत ओतलेले भांडेभर पाणी ही या गोष्टीची अगदी शेवटची ओंजळ. दाणा आपल्या घरी येण्यापूर्वी त्याच्यासाठी कितीतरी पटीने जास्त पाणी दूर तमिळनाडूत वाहून गेलेले असते. ते पाणी एका मुलखात अन्न ठरले, दुसऱ्या मुलखात नदीचा शाप ठरले आणि तिसऱ्या मुलखात इंधन. पाणी तेच, त्यातले पिष्ट तेच. बदलत गेला तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांचा हिशेब. हा हिशेब कसा बदलला, आणि आपल्याकडे तो इतका उशिरा का बदलला, ते पाहायचे आहे.

विषारी कंदाचे गोड रूप

आधी साबुदाण्याचे कूळ पाहू. आपले उपवासाचे ताट सनातन आहे अशी आपली समजूत असते. वरई आणि शिंगाडा सोडला, तर या ताटातले बहुतेक सगळे अमेरिका खंडातून आलेले आहे. शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळे तिकडचे. राजगिऱ्याचे मूळही तिकडेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेचा. 'टॅपिओका' हा शब्दही ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून आलेला आहे.

या कंदात एक धोका दडलेला असतो. त्याच्या पेशींत लिनामरिन नावाचे द्रव्य असते. कंद किसला किंवा ठेचला, की पेशीतले विकर त्या द्रव्याला भिडते आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. गोड जातींत त्याचे प्रमाण कमी असते, कडू जातींत जीव घेण्याइतके. ॲमेझॉनच्या रहिवाशांनी यावर काढलेली तोड मानवी बुद्धीच्या मोठ्या शोधांत गणली जावी अशी आहे. कडू कंद किसायचा, तो कीस 'तिपिती' नावाच्या वेताच्या लांबट विणलेल्या नळीत भरायचा, नळी टांगून खालून ताणायची. ताणली की नळी अरुंद होते आणि कीस पिळून निघतो. उरलेला चोथा भाजून पीठ करायचे.

खाली भांड्यात जमलेल्या पिवळसर, विषारी पाण्याचे पुढे काय व्हायचे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते फेकून दिले जात नसे. भांडे काही वेळ तसेच ठेवले की तळाशी पिष्टाचा पांढरा थर बसतो. तोच मूळचा टॅपिओका. वरचे पाणी आंबू द्यायचे आणि बराच वेळ उकळायचे. सायनाइड उडून जाते आणि 'तुकुपी' नावाचा आंबट रस तयार होतो. उत्तर ब्राझीलमध्ये आजही त्यात बदक शिजवतात. कसाव्याचा पहिला कारखाना झोपडीतला होता, आणि त्यात सांडपाणी नावाची गोष्ट नव्हती.

पोर्तुगीजांनी १६व्या शतकात हा कंद आफ्रिकेत नेला. तिथे तो इतका रुजला की आज जगात सर्वाधिक कसावा नायजेरिया पिकवतो. केरळच्या किनाऱ्यावरही तो पोर्तुगीजांबरोबरच आला असे मानले जाते. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ रामवर्मा यांनी १८८० ते १८८५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. वनस्पतिशास्त्राची आवड असलेला हा राजा. लोक नव्या कंदाला भीत होते, तेव्हा राजाने तो शिजवून स्वतःच्या पानात वाढून घेतला, अशी आख्यायिका केरळात सांगतात. कंद उकळून वरचे पाणी ओतून टाकण्याची शिकवण त्यासोबत आलीच. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोरच्या गरिबाला याच 'कप्पा'ने तगवले.

सेलमचा साबुदाणा

साबुदाण्याची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने जाते. मुळात 'साबु' म्हणजे 'सागू'. मलाया आणि इंडोनेशियाच्या दलदलीत वाढणाऱ्या सागू पामाच्या खोडातला गर, त्याचे हे दाणे. १९व्या शतकात ते सिंगापूरहून जगभर जात, आणि आपल्याकडे आजाऱ्याचे, लहान मुलांचे पथ्याचे अन्न म्हणून येत. याच काळात मलायात चिनी मळेवाल्यांनी कसाव्याची मोठी लागवड केली. कसाव्याच्या पिष्टाचेही तसेच मोती वळता येतात, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. नाव पामाचे राहिले, दाणा कंदाचा झाला. जिभेला फरक कळला नाही आणि धर्मशास्त्राने विचारला नाही.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये जावा गेले. पूर्वेकडून येणारे पिष्ट आणि साबुदाणा दोन्ही थांबले. हिंदुस्थानात पिष्टाची गरज तर मोठी. कापडगिरण्यांना सुताला खळ लावायला ते हवे असे. या टंचाईत सेलमचे एक व्यापारी मणिक्कम चेट्टियार यांची गाठ पोपटलाल शहा यांच्याशी पडली. शहा हे मलायातील पेनांगहून परतलेले गुजराती गृहस्थ. कसाव्यापासून पिष्ट आणि दाणे कसे काढतात ते त्यांना ठाऊक होते. १९४३च्या सुमारास सेलममध्ये सुरू झालेल्या या धंद्याची मुळे एका तमिळ आणि एका गुजराती माणसाच्या गाठीभेटीत आहेत. त्याचे सर्वांत भक्तिमान गिऱ्हाईक मात्र पुढे मराठी माणूस ठरला.

सुरुवातीची साधने घरगुती होती. पिष्टाचा ओला भुगा कापडाच्या झोळीत घालून झोळी झोके देत हलवायची, म्हणजे दाणे वळत. ते कढईत भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. सेलमच्या व्यवसायाचा जो इतिहास सांगितला जातो त्यात १९४४चा एक प्रसंग येतो. देश अन्नटंचाईने होरपळत असताना जिल्ह्याच्या कलेक्टरने कसावा हे गरिबाचे अन्न आहे म्हणून त्यापासून पिष्ट व साबुदाणा काढायला आणि तो जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली. कारखानदारांनी संघटना बांधली, वर दाद मागितली आणि बंदी उठवून घेतली. कंद आधी कुणाच्या पोटात जावा, हा प्रश्न त्या कलेक्टरने विचारला होता. पाणी कुणाच्या विहिरीत जाते, हा प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षे कुणी विचारला नाही.

धंदा वाढतच गेला. सेलम, नामक्कल, धर्मपुरी, इरोड या कमी पावसाच्या पट्ट्यात कसावा शेतकऱ्याला भरवशाचा वाटला. आठ-दहा महिन्यांचे पीक, पाऊस लांबला तरी तग धरणारे. १९८१मध्ये कारखानदारांची सहकारी संस्था, 'सॅगोसर्व्ह', उभी राहिली आणि मालाचा लिलाव तिच्या गोदामांतून होऊ लागला. २०२३मध्ये सेलमच्या 'जव्वरिसी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या एकादशीला एक अधिकृत गाव मिळाले म्हणायचे.

एका दाण्यामागे किती पाणी

कारखान्यात काय घडते ते थोडक्यात सांगतो. शेतातून आलेले कंद धुवायचे, साल काढायची, पुन्हा धुवायचे. फिरत्या किसणीखाली पाण्याच्या धारेत त्यांचा लगदा करायचा. लगदा चाळण्यांवर घेऊन भरपूर पाण्याने धुवायचा. चोथा वर राहतो. त्याला तिथे 'तिप्पी' म्हणतात, तो वाळवून जनावरांना घालतात. खाली उतरते ते पिष्टाचे दूध. ते टाक्यांत काही तास निवत ठेवले की पिष्ट तळाशी घट्ट बसते आणि वर हिरवट-पिवळे पाणी राहते. ते पाणी सोडून द्यायचे. हीच तिपितीखालच्या भांड्यातली जुनी कृती, फक्त भांड्याच्या जागी हौद आले आणि उकळणारी बाई नाहीशी झाली.

सोडून द्यायचे पाणी किती, याचे आकडे कारखान्यागणिक बदलतात. भारतीय संशोधकांच्या लेखनात एक टन साबुदाण्यामागे ३० ते ४० हजार लिटर असा आकडा वारंवार येतो. आपण ३० हजार धरू. म्हणजे किलोमागे ३० लिटर. एका कुटुंबाच्या खिचडीला लागणाऱ्या पाव किलोमागे साडेसात लिटर. आजीने मोरीत ओतले ते एखादा लिटर असेल.

हे पाणी दिसायला फार भयंकर नसते. त्यात ना शिसे, ना पारा. असते ते न बसलेले पिष्ट, थोडी साखर, थोडी प्रथिने, किंचित सायनाइड. पण अन्नच नदीचा घात करते. पिष्टावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यातून आंबट आम्ले आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सेलम शहरातून वाहणाऱ्या तिरुमणिमुत्तार नदीच्या दुर्दशेला शहराचे मैलापाणी आणि इतर उद्योग जबाबदार आहेतच, पण साबुदाण्याच्या कारखान्यांचा वाटाही त्यात सांगितला जातो. कारखान्याशेजारच्या विहिरींचे पाणी आंबट लागते, शेताला वास मारतो, या तक्रारी तिथे जुन्या आहेत. मनाच्या शुद्धीसाठी आपण जो पदार्थ खातो, त्याची अशुद्धी दुसऱ्याच्या विहिरीत राहते. या वाक्यातला उपरोध मी ओढून आणलेला नाही.

माटुंग्याचा वायू

आता सेलम सोडून मुंबईत येऊ, आणि ५० वर्षे मागे जाऊ.

मराठी वाचकाला ॲकवर्थ हे नाव परिचित असते ते 'ॲकवर्थ आणि शाळिग्राम' या जोडीमुळे. १८९१मध्ये शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला आणि शाहिरांच्या तोंडी फिरणारे वाङ्मय कागदावर आले. हेच हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या महारोग्यांसाठी त्यांच्या प्रयत्नाने १८९०मध्ये माटुंग्याला आश्रम उघडला. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. या आश्रमाच्या मैलापाण्यावर पुढे मुंबईचे जलनिःसारण अभियंते सी. कार्कीट जेम्स यांनी प्रयोग केले. बंद टाकीत मैला कुजत ठेवला की त्यातून जळणारा वायू निघतो. इंग्लंडमध्ये एक्सेटर गावी १८९५मध्ये डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशा वायूवर दिवे लावले होते. माटुंग्याला १८९७मध्ये तो वायू गोळा करून उजेडासाठी आणि इंजिन चालवण्यासाठी वापरला गेला.

इथे एक दुरुस्ती नोंदवली पाहिजे. बायोगॅसवरील असंख्य पुस्तकांत 'जगातला पहिला बायोगॅस संयंत्र मुंबईच्या महारोगी आश्रमात १८५९मध्ये' असे वाक्य आढळते आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहते. माटुंग्याचा आश्रमच १८९०चा असेल, तर तिथे १८५९मध्ये संयंत्र असणार कसे? पहिलेपणाचा मान थोडा कमी झाला तरी चालेल, पण तारीख खरी हवी. शिवाय खरी गोष्ट कमी अर्थपूर्ण नाही. या देशात टाकाऊ द्रव्यातून कामाचा वायू पहिल्यांदा धरला गेला तो समाजाने टाकलेल्या माणसांच्या वस्तीत.

माटुंग्याच्या प्रयोगाला वारस लगेच मिळाला नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. १९५०च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो आराखडा स्वीकारला. आपल्या खेड्यांत 'गोबरगॅस' म्हणून जी लोखंडी टोपी दिसू लागली ती हीच. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचा प्रश्न हाती घेतला होता. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी संडास आणि वायू यांची सांगड घालण्यात आयुष्य वेचले. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारही जागे झाले आणि १९८०च्या दशकारंभी देशव्यापी बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला.

या साऱ्या परंपरेचे मोल मोठे आहे. पण ती गोठ्याभोवती बांधलेली राहिली. वायू म्हणजे गोबर, असे समीकरण आपल्या भाषेतच पक्के झाले. खरे तर शेण हे गाईने आधीच पचवलेले अन्न. त्यातला सहज पचणारा भाग गाईने काढून घेतलेला असतो. उरलेल्या चिवट तंतूंतून वायू काढायला जिवाणूंना ४० दिवस लागतात. हे उघड सत्य पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी २००३च्या सुमारास ठासून मांडले. धोंडो केशवांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांचे म्हणणे असे की जिवाणूंना गाईचे उष्टे कशाला द्यायचे, गाईचे खाणेच द्या. पिष्ट किंवा साखर असलेले दोन किलो खरकटे एका दिवसात जेवढा वायू देते, तेवढा मिळवायला ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात, असे त्यांनी दाखवले. गच्चीवर मावणाऱ्या त्यांच्या छोट्या संयंत्राला २००६मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या गच्चीवर जे सिद्ध झाले, त्याचा कच्चा माल सेलमच्या ओढ्यांतून दररोज वाहत होता.

वायू कसा निघतो आणि का अडतो

मग सेलमने हा वायू आधीच का धरला नाही? कारण पिष्ट जितके सहज पचते, तितकेच सहज बिघडते.

बंद टाकीतले काम जिवाणूंच्या दोन मुख्य फळ्या वाटून घेतात. पहिली फळी पिष्टाची साखर आणि साखरेची आम्ले करते. ती उतावळी असते. दुसरी फळी त्या आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड करते. ती संथ, हळवी, हळूहळू वाढणारी. शेण घातले की पहिली फळी रेंगाळत काम करते आणि दुसरीला सवड मिळते. पिष्ट घातले की पहिली फळी तासांत आम्लांचा ढीग लावते, टाकी आंबते आणि दुसरी फळी मरते. वायू बंद पडतो, उरतो फक्त वास. त्यात कसाव्याचे सायनाइड. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना ते सुरुवातीला बाधते. हळूहळू सवय करवली तर ते त्याला सरावतात, पण त्यासाठी धीर लागतो. आणि पाणी पातळ असल्यामुळे टाकीतून वाहताना संथ वाढणारे जिवाणू सोबत धुऊन निघतात.

शेवटच्या अडचणीवर तोड निघाली ती हॉलंडमध्ये. वागेनिंगेनचे प्राध्यापक गात्से लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात असे संयंत्र घडवले, की त्यात पाणी खालून वर चढते आणि जिवाणू एकमेकांना चिकटून वाळूसारखे दाणे होऊन तळाशी थांबतात. पाणी जाते, जिवाणू राहतात. बीटसाखर आणि बटाट्याच्या पिष्टाच्या कारखान्यांनी ते उचलले. साबुदाण्याच्या दाण्यांमुळे उद्भवलेला प्रश्न जिवाणूंच्या दाण्यांनी सोडवावा, हा योगायोग गमतीचा आहे. भारतीय विद्यापीठांतल्या संशोधकांनीही साबुदाण्याच्या सांडपाण्यावर अशी संयंत्रे प्रयोगशाळेत चालवून दाखवली.

मिळणारी ऊर्जा किती? एक साधा हिशेब करू. लिटरभर पाण्यातला सेंद्रिय ऐवज जाळायला पाच ग्रॅम प्राणवायू लागतो असे धरू. या पाण्याच्या बाबतीत ते अवाजवी नाही. ३० हजार लिटरला १५० किलो प्राणवायू. त्यातला ८५ टक्के ऐवज जिवाणूंनी पचवला, आणि किलोमागे ०.३५ घनमीटर मिथेन हे रसायनशास्त्राचे ठरलेले प्रमाण लावले, तर सुमारे ४५ घनमीटर मिथेन मिळतो. उष्णतेच्या भाषेत तो घरगुती गॅसच्या अडीच सिलिंडरांच्या जवळपास जातो. टनभर साबुदाण्यामागे अडीच सिलिंडर. पाव किलोच्या वाट्याला येते ती ऊर्जा इतकी, की शेगडीचा अपव्यय धरूनही दोन-तीन कप चहा उकळावा. खिचडीनंतरचा चहा त्या खिचडीच्याच सांडपाण्यावर होऊ शकतो.

कोराटचा धडा

हे मोठ्या प्रमाणावर घडले ते थायलंडमध्ये, आणि तिथेही शहाणपणापेक्षा हिशेब आधी आला. १९७०च्या दशकात युरोपीय समुदायाने आयात धान्यावर जबर कर लावला होता, पण कसाव्यावरचा कर नाममात्र राहून गेला होता. हॉलंड-जर्मनीच्या डुकरांना स्वस्त चारा हवा होता. कायद्यातल्या त्या फटीतून थायलंडच्या ईशान्य भागातला कसावा जहाजे भरभरून युरोपात गेला आणि त्यापायी जंगले तुटली. १९८२मध्ये निर्यातीवर मर्यादा घालण्याचा करार झाला आणि १९९२च्या युरोपीय शेतीसुधारणांनंतर तो धंदा उताराला लागला. थायलंड मग पिष्टाकडे अधिक वळला. चारा सुका असतो. पिष्ट काढायला पाणी लागते. कारखान्यांमागे एकरोएकर उघडे हौद पसरले. त्यांत पाणी सडत असे, बुडबुडे येत आणि मिथेन हवेत जात असे. वायू फुकट तयार होत होता. त्याच कारखान्यात पिष्ट वाळवायला विकतचे इंधनतेल जळत होते.

थोनबुरीच्या किंग मोंगकुट तंत्रविज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी या पाण्यासाठी संयंत्रे विकसित केली आणि सरकारने ऊर्जाबचत निधीतून मदत दिली. कोराट, म्हणजे नाखोन राचसिमा, येथील एका प्रचंड पिष्ट कारखान्यात २००३च्या सुमारास वेगळाच मार्ग निघाला. जमिनीत खोदलेला हौद, वर जाड प्लास्टिकचे हवाबंद आच्छादन. तो बांधला दुसऱ्याच कंपनीने, स्वतःच्या भांडवलावर. कारखान्याने फक्त पाणी द्यायचे आणि वायू विकत घ्यायचा. तेलाची जागा वायूने घेतली, वीजही निर्माण झाली. २००५मध्ये क्योटो करार अमलात आला आणि न सुटलेल्या मिथेनलाही भाव मिळाला. तेव्हाच्या हिशेबात एक टन मिथेन म्हणजे २१ टन कार्बन डायऑक्साइड. २०१२च्या आसपास तो भाव कोसळला. तरीही वायूची उपयुक्तता संपली नाही, कारण वाचलेले तेल हे कागदी उत्पन्न नव्हते.

पुन्हा सेलम

सेलमच्या पट्ट्यातही गेल्या दोन दशकांत मोठ्या कारखान्यांनी आच्छादित हौद बांधले, वायूवर जनित्रे आणि भट्ट्या चालवल्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा बडगा आणि तमिळनाडूने सोसलेले भारनियमन, दोन्हींनी ढकलले. पण कोराटचा एक कारखाना जेवढे पाणी सोडतो तेवढे सोडायला इथले कितीतरी छोटे कारखाने लागतात. छोट्या मालकाकडे भांडवल नाही. हंगाम काही महिन्यांचा. कंद संपले की हौदातले जिवाणू उपाशी राहतात आणि पुढच्या हंगामाला त्यांना पुन्हा जागवावे लागते. वायू काढल्यावरही पाणी पिण्याजोगे होत नाही; उरलेल्या १५ टक्क्यांना आणखी शुद्ध करावेच लागते. वायूचा मीटर बसवला म्हणजे नदी स्वच्छ झाली असे समजणे ही नवी फसवणूक ठरेल. शिवाय वायूचा नफा मालकाच्या खात्यात जमा होतो आणि उरलेल्या घाणीचा तोटा शेजारच्या शेतकऱ्याच्या, हेही विसरता येत नाही.

मार्ग अर्थातच अशक्य नाही. सहकारी गोदामात माल एकत्र आणता येतो, तर जवळजवळच्या पाच-सात कारखान्यांचे पाणी एका हौदात का आणता येऊ नये? सहकारी साखर कारखान्यांच्या मळीचा आणि वासाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. आणि त्याचा खर्च अखेर कुणी द्यायचा, हा प्रश्न आपल्यापर्यंत येतो. या दाण्याचे फार मोठे गिऱ्हाईक आपण आहोत. बाजारात आपण साबुदाणा पारखतो तो पांढरेपणावर. जितका शुभ्र तितका भाव जास्त. तो शुभ्रपणा धुण्यातून येतो आणि धुणे म्हणजे पाणी. आपण किंचित मळकट दाणा पत्करला, किलोमागे दोन रुपये जास्त मोजले, तर तो हिशेब सेलमच्या ओढ्यापर्यंत पोचू शकतो. पण पुडीवर आपल्याला ते सांगणारे काही छापलेले नसते आणि आपण विचारत नाही.

ॲमेझॉनकाठच्या बाईने भांड्यातले विषारी पाणी उकळत ठेवले, कारण तिला तेच पाणी, तोच ओढा, तीच पोरे सांभाळायची होती. तिचे सांडपाणी तिच्याच अंगणात होते. आपले सांडपाणी हजार किलोमीटरांवर आहे, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

आजी गेल्यावर साबुदाणा भिजवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी अजून दोन पाण्यांतूनच धुतो, नाहीतर लगदा होतो. पहिले पांढरे पाणी मात्र आता मोरीत न ओतता तुळशीच्या शेजारच्या कढीलिंबाला घालतो. त्याने सेलमची नदी सुधारत नाही, हे मला कळते. पण ओतताना साडेसात लिटरांची आठवण होते.